दोन जिवांच्या अन्नाचा शोध घेणारी लुसी विल्स

विशेष प्रतिनिधी, यवतमाळ

यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही गावात, मग ते वणीकडचे असो की उमरखेडकडचे, गर्भवती स्त्रीच्या घरी एक वस्तू हमखास आढळते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून किंवा आशा कार्यकर्तीच्या हातून आलेली लाल गोळ्यांची पट्टी. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० दिवस ती घ्यावी, असा नियम आहे. अनेक घरांत ही पट्टी देवळीत किंवा कपाटात तशीच पडून राहते. गोळीने मळमळते, शौचास काळे होते, मूल काळे होईल, अशी कारणे सांगितली जातात. गोळी लोहाची आहे एवढे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र त्याच गोळीत लोहाच्या जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडही असते आणि या दुसऱ्या घटकाच्या शोधाची वाट मुंबईच्या गिरणगावातून गेली आहे, हे फारच थोड्यांना माहीत असते.

ही वाट शोधणाऱ्या संशोधिकेचे नाव लुसी विल्स. गर्भवती स्त्री काय खाते यावर तिचे आणि तिच्या पोटातील जिवाचे आरोग्य किती अवलंबून असते, हा आज जगभर अभ्यासला जाणारा विषय आहे. जवळपास शंभर वर्षांपूर्वी परळच्या प्रयोगशाळेत बसून या विषयाच्या एका मूलभूत प्रश्नाची उकल करणाऱ्या या इंग्रज डॉक्टर स्त्रीचे चरित्र महाराष्ट्राने आपले म्हणून वाचावे असे आहे.

विळे-कोयत्यांच्या कारखानदाराची मुलगी

लुसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमनजीकच्या सटन कोल्डफील्ड येथे झाला. वडील विल्यम लिओनार्ड विल्स हे विज्ञानाचे पदवीधर. विळे, कोयते यांसारखी धारदार अवजारे बनविणाऱ्या घरच्या व्यवसायात ते भागीदार होते. आई गर्ट्रूड या बर्मिंगहॅममधील एका डॉक्टरच्या कन्या. घर सुखवस्तू होते आणि घरात विज्ञानाची आवड मुरलेली होती. लुसी यांचे बंधू लिओनार्ड जॉन्स्टन विल्स पुढे नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ झाले.

मुलींना मुलांच्या बरोबरीने गणित आणि विज्ञान शिकविणाऱ्या मोजक्या शाळांपैकी एक असलेल्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात लुसी यांचे शिक्षण झाले. १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे त्यांचे विषय. १९११ मध्ये त्यांनी परीक्षा पूर्ण केली, पण पदवी त्यांच्या हाती पडली नाही. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देई, पदवी मात्र देत नसे. स्त्रियांना तेथे पदवीचा हक्क मिळण्यासाठी १९४८ साल उजाडावे लागले.

त्याच सुमारास घरावर लागोपाठ आघात झाले. १९११ मध्ये वडील गेले, १९१३ मध्ये थोरली बहीण एडिथ ऐन तारुण्यात निवर्तली. १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धाला तोंड फुटले तेव्हा लुसी दक्षिण आफ्रिकेत होत्या. केपटाउन येथे त्यांनी काही काळ स्वयंसेवी परिचारिका म्हणून काम केले. इंग्लंडला परतल्यावर त्यांनी वैद्यकाकडे वळण्याचा निर्णय घेतला आणि १९१५ मध्ये लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन या संस्थेत प्रवेश घेतला.

या संस्थेचे आणि महाराष्ट्राचे नाते जुने आहे. १८७४ मध्ये स्थापन झालेली ही ब्रिटनमधील स्त्रियांची पहिली वैद्यकीय शाळा. बालपणीच्या विवाहाविरुद्ध न्यायालयात उभ्या राहिलेल्या मुंबईच्या रखमाबाई १८८९ मध्ये याच शाळेत शिकायला गेल्या होत्या. पुढे मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा दीर्घकाळ वाहणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड याही लंडनला जाऊन स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रात उच्च पदवी घेऊन आल्या. मुंबईच्या मुली लंडनला जाऊन डॉक्टर होत होत्या. आता लंडनच्या एका मुलीची मुंबईस येण्याची पाळी होती.

१९२० मध्ये वयाच्या बत्तिसाव्या वर्षी लुसी विल्स डॉक्टर झाल्या. परंतु दवाखाना थाटण्यात त्यांना रस नव्हता. रॉयल फ्री रुग्णालयाच्या रासायनिक विकृतिशास्त्र विभागात त्यांनी अध्यापन आणि संशोधन पत्करले. गर्भारपणात शरीरात होणारे रासायनिक बदल हा तेथील कामाचा एक भाग होता. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रुग्णाची कहाणी वाचण्याची सवय त्यांना येथेच लागली.

परळमधले दिवस

१९२८ मध्ये त्यांना भारतात येण्याचे निमंत्रण मिळाले. बाळंतपणात आणि गर्भारपणात होणाऱ्या मातांच्या मृत्यूंची चौकशी भारतात सुरू झाली होती. विमेन्स मेडिकल सर्व्हिसमधील डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने हे काम चालले होते आणि इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचे त्याला साहाय्य होते. मातांच्या मृत्यूमागील एक कारण डॉक्टरांना विशेष सतावत होते. गर्भारपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचे रक्त इतके उतरे की त्या निस्तेज होत, अंगावर सूज येई, धाप लागे आणि प्रसूतीचा ताण त्यांना सोसत नसे. लोह देऊनही त्या सुधारत नसत.

विल्स यांनी परळच्या हाफकिन संस्थेत आपले काम मांडले. प्लेगची लस तयार करणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या वास्तूत आली आणि १९२५ मध्ये तिला त्यांचे नाव देण्यात आले होते. संस्थेच्या भोवती गिरणगाव पसरलेले होते. भोंग्यावर चालणारे आयुष्य, चाळींतल्या दाटीच्या खोल्या आणि गिरण्यांच्या वाइंडिंग, रीलिंग खात्यांत राबणाऱ्या हजारो स्त्रिया. विल्स आल्या त्याच १९२८ साली गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला प्रचंड संप झाला होता. दुसऱ्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई इलाख्यात प्रसूती लाभाचा कायदा झाला. कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणासाठी भरपगारी नसली तरी पैशांची काही मदत मिळाली पाहिजे, हे भारतात कायद्याने प्रथम मान्य झाले ते येथे.

या गिरण्यांत पिंजला जाणारा कापूस कोठून येत होता? त्यातील मोठा वाटा वऱ्हाडचा होता. यवतमाळच्या काळ्या कसदार जमिनीत पिकलेला कापूस मूर्तिजापूरमार्गे मुंबईच्या वाटेला लागत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी टाकलेली आणि आता थांबलेली यवतमाळ-मूर्तिजापूर ही शकुंतला रेल्वे मुख्यतः कापसासाठीच होती. शेतात कापूस वेचणारी स्त्री आणि गिरणीत त्याचे सूत गुंडाळणारी स्त्री एकमेकींना कधी भेटल्या नसतील, पण दोघींच्या ताटातली स्थिती फारशी वेगळी नव्हती. घरात सर्वांची जेवणे झाल्यावर उरेल ते आपले, हा नियम दोघींनाही लागू होता.

जंतू नव्हे, ताट

त्या काळी वैद्यकशास्त्राला एक गंभीर रक्तक्षय ठाऊक होता. त्याला पर्निशियस ॲनिमिया म्हणजे घातक पंडुरोग म्हणत. यात रक्तातील तांबड्या पेशींची संख्या घटते आणि उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या आकाराच्या दिसतात. १९२६ मध्ये अमेरिकेतील मायनट आणि मर्फी यांनी यकृत खायला देऊन हा रोग आटोक्यात आणता येतो हे दाखविले. त्यासाठी त्यांना व्हिपल यांच्यासमवेत १९३४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईतील गर्भवतींच्या रक्तातही तशाच मोठ्या पेशी दिसत. म्हणून त्यांच्या आजाराला गर्भारपणातील घातक पंडुरोग असे नाव पडले होते. हे नाव कितपत बरोबर आहे, याचाच विल्स यांना शोध घ्यायचा होता.

आजाराचे मूळ एखाद्या जंतूत असावे, असा प्रथम संशय होता. तपासण्या झाल्या, पण जंतूंचा संबंध जुळला नाही. मग विल्स यांनी आपला मोर्चा प्रयोगशाळेबाहेर, स्त्रियांच्या घरांकडे वळविला. या कामात श्रीमती तळपदे या त्यांच्या सहकारी होत्या. वेगवेगळ्या थरांतील आणि समाजांतील स्त्रिया काय खातात, कशा राहतात याची पाहणी दोघींनी केली आणि ती १९३० मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या स्त्रियांच्या आहाराचा असा बारकाईने घेतलेला मागोवा त्या काळी दुर्मिळच म्हणावा लागेल.

पाहणीतून चित्र स्पष्ट होत गेले. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्यांच्यात हा आजार सर्वांत जास्त होता. शहरातील गरीब मुस्लिम स्त्रियांची स्थिती सर्वांत वाईट आढळली. सधन घरांत हा आजार क्वचितच दिसे. रोगाचे मूळ जातिधर्मात किंवा हवामानात शोधणाऱ्यांना हे उत्तर होते. मूळ ताटात होते.

पण ताटात नेमके काय कमी होते? हे शोधण्यासाठी विल्स यांनी गरीब स्त्रियांच्या आहाराशी मिळताजुळता आहार उंदरांना देऊन पाहिला. गाभण उंदरांत रक्तक्षय दिसू लागला. उत्तर सापडले असे वाटत असतानाच एक अडचण उभी राहिली. उंदरांच्या अंगावरील उवांमुळे पसरणारा एक संसर्ग त्यांचे रक्त कमी करीत असल्याचे लक्षात आले. दुसऱ्या एखाद्या संशोधकाने या टप्प्यावर हात टेकले असते. विल्स यांनी प्रयोगाचे प्राणी बदलले. माणसाला अधिक जवळचे असलेले माकड त्यांनी निवडले. १९२९ मध्ये काही महिने त्यांनी निलगिरीतील कुन्नूर येथील पाश्चर संस्थेतही काम केले. रॉबर्ट मॅककॅरिसन हे आहारशास्त्राचे मोठे अभ्यासक तेथे संशोधन करीत होते. मद्रासच्या कास्ट अँड गोशा रुग्णालयातील रुग्णांचाही त्यांनी अभ्यास केला.

निकृष्ट आहारावर ठेवलेल्या माकडांत अगदी मुंबईच्या स्त्रियांसारखाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय निर्माण झाला. आता उपाय शोधायचा होता. यकृत गुणकारी होते, पण ते महाग होते आणि शाकाहारी स्त्रियांना चालणारे नव्हते. अनेक पदार्थ देऊन पाहण्यात आले आणि ज्याने यश दिले तो पदार्थ अगदी साधा निघाला. बिअरच्या कारखान्यात उरलेल्या यीस्टपासून बनविलेला, काळपट, खारट, पावाला लावून खाण्याचा अर्क. इंग्लंडमध्ये १९०२ पासून तो मार्माइट या नावाने विकला जात होता. तो दिल्यावर माकडे सुधारली. मग तो रुग्णालयातील स्त्रियांना देण्यात आला. काही दिवसांतच रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या, भूक परतली, चेहऱ्यावर तकाकी आली. जून १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष जगापुढे मांडले.

विल्स घटक

यीस्टमध्ये असे काय होते, हे स्वतः विल्स यांना सांगता येत नव्हते. त्या काळातील रसायनशास्त्राची धाव तेवढी नव्हती. त्या अज्ञात द्रव्याला पुढे विल्स घटक असे नाव पडले.

त्यांनी आणखी एक बारकावा टिपला आणि शास्त्रीयदृष्ट्या तो मूळ शोधाइतकाच मोलाचा ठरला. घातक पंडुरोगावर शुद्ध केलेला यकृताचा अर्क उत्तम गुण देई. तोच शुद्ध अर्क मुंबईच्या गर्भवतींना मात्र लागू पडत नसे. त्यांना कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला तर गुण येई. याचा अर्थ यकृतात दोन वेगवेगळी द्रव्ये होती. शुद्धीकरणात एक टिकत होते, दुसरे निघून जात होते. दोन्ही आजारांत रक्ताचे चित्र सारखे दिसत असले तरी उणीव वेगळी होती. १९३७-३८ मध्ये विल्स पुन्हा मुंबईत आल्या आणि या प्रश्नावर त्यांनी अधिक काम केले. १९३८ मध्ये लॅन्सेटमध्ये हे विवेचन प्रसिद्ध झाले.

काळाने त्यांना अचूक ठरविले. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास येथील संशोधकांनी चार टन पालकाच्या भाजीतून एक द्रव्य वेगळे काढले आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड हे नाव दिले. १९४५ मध्ये लेडर्ली प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार झाले. तेथील संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. मुंबईच्या गिरणी कामगार स्त्रीच्या आजारापासून सुरू झालेल्या शोधाचे एक टोक अशा रीतीने पुन्हा एका भारतीयाच्या हाती आले. दुसरे द्रव्य, म्हणजे घातक पंडुरोग बरा करणारे बी-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये हाती लागले.

फॉलिक ॲसिडचे कार्य आता नीट कळले आहे. पेशीचे विभाजन होताना तिच्यातील डीएनएची नवी प्रत तयार व्हावी लागते. त्यासाठी हे द्रव्य हवे. ते अपुरे पडले की अस्थिमज्जेतील रक्तपेशी वाढतात, पण विभागू शकत नाहीत. म्हणून त्या थोड्या आणि मोठ्या दिसतात. गर्भारपणात पोटातील जीव क्षणोक्षणी नव्या पेशी घडवीत असतो. त्यामुळे गरज वाढते आणि आईचा साठा आधीच तुटपुंजा असेल तर तो आटतो. विल्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या मोठ्या पेशींचे हे स्पष्टीकरण होय.

सायकलवरून येणाऱ्या डॉक्टरबाई

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात विल्स लंडनमध्ये विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम करीत होत्या. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर बॉम्ब पडून त्यांच्या विभागाची हानी झाली, तरी काम सावरले गेले. युद्ध संपेपर्यंत रुग्णालयाच्या विकृतिशास्त्राची सूत्रे त्यांच्याकडे आली होती आणि तेथील पहिला रक्तशास्त्र विभागही त्यांनी उभा केला होता. १९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या.

निवृत्ती ही केवळ कागदोपत्री होती. त्यानंतरही जमैका, फिजी, दक्षिण आफ्रिका अशा दूरदूरच्या ठिकाणी जाऊन त्यांनी आहार आणि रक्तक्षय यांचा अभ्यास सुरू ठेवला. आयुष्याच्या अखेरच्या दशकात त्या लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविकाही होत्या. त्यांनी विवाह केला नाही. डोंगर चढणे, बर्फावर स्कीइंग करणे यांची त्यांना आवड होती. रुग्णालयात मोटारीने येण्याचा डौल न मिरविता त्या सायकलवरून येत. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. नोबेलसारखा मोठा सन्मान त्यांच्या वाट्याला आला नाही. १० मे २०१९ रोजी गूगलने त्यांच्या जन्मदिनी आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

आईकडून मुलाकडे

विल्स यांची दृष्टी मुख्यतः आईच्या जिवावर होती. त्यांच्या मृत्यूनंतर या द्रव्याचा बाळाशी असलेला संबंध उलगडला. गर्भधारणेनंतर पहिल्या २८ दिवसांत गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून घडतात ती नळी बंद व्हावी लागते. फॉलिक ॲसिडच्या कमतरतेत ती नीट बंद न होण्याचा धोका वाढतो आणि मूल पाठीच्या किंवा मेंदूच्या गंभीर व्यंगासह जन्मते. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९१ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत, आधी असे मूल झालेल्या मातांना फॉलिक ॲसिड दिल्यास पुन्हा तसे होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटते, असे दिसून आले. त्यानंतर १९९८ पासून अमेरिकेने धान्याच्या पिठात हे जीवनसत्त्व मिसळणे सक्तीचे केले. पहिल्या २८ दिवसांत बहुतेक स्त्रियांना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. त्यामुळे ताटाची काळजी डोहाळजेवणापासून घेऊन भागत नाही, ती लग्नाआधीपासून घ्यावी लागते.

आईच्या आहाराचा परिणाम जन्मावेळच्या व्यंगांपुरताच नसतो, हे पुढे कळले. ब्रिटनचे डेव्हिड बार्कर यांनी गर्भातील कुपोषण आणि प्रौढपणातील हृदयविकार यांचा संबंध मांडला. महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांचा आणि त्यांच्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू केला. तेथे जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील बाळांचे ३.५ किलो. वजन कमी असले तरी आपल्या बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते, कमी होते ते स्नायू. दिसायला सडपातळ, पण आत चरबी, अशा या बाळांत पुढील मधुमेहाचे बीज असावे, असे संशोधकांचे मत झाले. ज्या मातांच्या आहारात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक होते त्यांची बाळे अधिक भरलेली होती, हेही या अभ्यासात दिसले.

याच अभ्यासाने विल्स यांच्या दोन द्रव्यांच्या गोष्टीला नवे वळण दिले. पुण्याजवळच्या त्या मातांत फॉलेटची उणीव नगण्य होती. डाळी आणि पालेभाज्यांतून ते मिळत होते आणि गोळ्यांतूनही मिळत होते. पण निम्म्याहून अधिक जणींत बी-१२ कमी होते, कारण ते दूध, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळते. ज्या मातांत फॉलेट भरपूर आणि बी-१२ कमी होते त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त आढळली. २००८ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यावरून फॉलिक ॲसिडची गोळी बंद करावी असा अर्थ कोणी काढू नये. गोळीचा लाभ सिद्ध आहे. मात्र दोन द्रव्यांपैकी एकाचीच भरपाई करून थांबता येत नाही, एवढा बोध यातून घ्यावा. दोन्ही आजार वेगळे आहेत हे विल्स यांनी मुंबईतच दाखवून दिले होते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ ते २०१२ या काळात झालेला आणखी एक प्रयोग तर विल्स यांच्या कामाचाच पुढचा अध्याय वाटावा असा आहे. साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज एक खाऊ देण्यात आला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळे आणि दूध होते, उरलेल्या जणींच्या खाऊत बटाटा, कांदा यांसारख्या कमी पोषक भाज्या. २०१४ मध्ये आलेले निष्कर्ष सरसकट उत्साहवर्धक नव्हते. सर्व स्त्रिया मिळून पाहिल्या तर बाळांच्या वजनात ठळक फरक दिसला नाही. पण गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने पोषक खाऊ खाल्लेल्या स्त्रियांची बाळे सरासरी ४८ ग्रॅमने अधिक वजनाची होती. आधीच अतिशय कृश असलेल्या स्त्रियांना मात्र हा लाभ झाला नाही. गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाणही पोषक खाऊ खाणाऱ्यांत कमी आढळले. उशिरा दिलेला घास थोडाच पुरा पडतो, हेच यातून दिसते.

यवतमाळच्या ताटात

यवतमाळसाठी या चरित्राचा अर्थ काय? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांत रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाविरुद्धचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला, तरीही ही स्थिती आहे. विदर्भात सिकलसेल या आनुवंशिक आजाराची भर पडते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव भागांतील गोंड, परधान, कोलाम समाजांत तो आढळतो. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात आणि शरीराला सतत नव्या घडवाव्या लागतात. म्हणूनच या रुग्णांना फॉलिक ॲसिड नियमित दिले जाते. म्हणजे विल्स घटकाची गरज येथे दुप्पट आहे.

शासनाने २०१५ मध्ये आदिवासी क्षेत्रातील गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी डॉ. एपीजे अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण, गरम जेवण देण्याची ही कल्पना आहे. भाकरी किंवा पोळी, भात, वरण, पालेभाजी आणि अंडे यांचे हे ताट विल्स यांनी पाहिले असते तर त्यांना नक्कीच समाधान वाटले असते. त्यात त्यांचे द्रव्य आहे आणि अंड्याच्या रूपाने दुसरेही आहे.

मात्र योजनेचे ताट एक वेळचे आहे. बाकीच्या वेळा घरच्या चुलीवर अवलंबून आहेत. एकेकाळी येथील शेतात कापसाच्या जोडीला ज्वारी, तूर, मूग, उडीद असे. बांधावर अंबाडी, पावसाळ्यात तरोट्याची कोवळी पाने मिळत. आता कापूस आणि सोयाबीन यांनी रान व्यापले आहे. पीक बाजारात जाते आणि भाजी बाजारातून आणावी लागते. वेचणीच्या दिवसांत सहा-सात महिन्यांची गर्भवतीही ओटा बांधून शेतात उतरते. सकाळची भाकर-चटणी हेच तिचे दुपारपर्यंतचे इंधन असते. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल या समजुतीने शेवटच्या महिन्यांत तिचा घास कमी करणारी घरेही आहेत. घरातील पुरुषमाणसे आणि मुले जेवल्यावर तिने बसायचे, ही रीत तर सर्वत्र आहे.

लुसी विल्स यांनी मुंबईत जे पाहिले ते यापेक्षा निराळे नव्हते. रक्ताचा थेंब तपासता तपासता त्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊन पोहोचल्या आणि रोगाचे कारण त्यांना तेथे सापडले. त्यांच्या शोधाचे फळ आज लाल गोळीच्या रूपाने अगदी पोडावरच्या घरापर्यंत पोहोचले आहे. ती पट्टी देवळीत पडून राहू नये, जेवणानंतर रोज घेतली जावी, याची काळजी सासूने आणि नवऱ्याने घेतली तर बरेच काही साधेल. मात्र गोळीच्या आधी ताट येते. त्या ताटात वरण, मूठभर पालेभाजी, कपभर दूध किंवा एक अंडे आहे की नाही आणि ते तिने इतरांच्या बरोबर बसून खाल्ले की नाही, हे पाहणे घरच्यांच्याच हाती आहे.